शेतांतील दोरी

इचलकरंजीला लागून असलेल्या आमच्या कबनूरच्या शिवारांत ज्वारी किती पिकली, या प्रश्नाचें उत्तर जुन्या काळीं आण्यांत मिळत असे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. त्या मानानें बांधावर उभें राहून नजरेनें पीक ठरवावयाचें. हीच आणेवारी.

ही नुसती कागदाची बाब नव्हती. पीक चार आण्यांहून कमी उतरलें, तर सारा तहकूब करावा, असा मुंबई इलाख्यांतील नियम. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सरकार म्हणे पीक अधिक, शेतकरी म्हणत कमी, आणि त्यांतून सत्याग्रह उभा राहिला. मापून निवाडा करावा, अशी उभयमान्य रीतच नव्हती.

प्रत्येक शेत कापून तोलणें अशक्य. नमुना घ्यावा, तर कोणता? अधिकाऱ्यानें ‘सर्वसाधारण’ शेत निवडलें, कीं त्याची नजर पुन्हां आंत शिरलीच! १९३४ सालीं लंडनमध्यें जेर्झी नेमन यांनीं दाखविलें कीं, प्रदेशाचे थर पाडून प्रत्येकांतून चिठ्ठ्या टाकून निवड करावी. म्हणजे अंदाज कितपत चुकूं शकेल, हेंहि त्याच आंकड्यांवरून सांगतां येतें. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच सुमारास लंडनला शिकत होते. १९४० मध्यें ते दिल्लीस शेतकी संशोधन मंडळांत आले, आणि ही विद्या शेतांत उतरली: चिठ्ठीनें गांव, गांवांतून शेत, शेतांतून दोरीनें आंखलेला तुकडा. तेहतीस फूट बाजूचा चौरस म्हणजे एकराचा चाळिसावा भाग.

तुकडा केवढा असावा, यावर मात्र वाद माजला. कलकत्त्याचे महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे. ते दिवसाकांठीं पुष्कळ कापून होतात. सुखात्मे यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’ साप्ताहिकांत दाखविलें कीं, लहान तुकड्यांनीं पीक फुगून दिसतें. मला या वादांतील ही गोष्ट फार मोलाची वाटते. दोरीवरच उभें असलेलें ताट आंत धरावें कीं बाहेर? कापणारा हात बहुधा तें आंत ओढतो. तुकडा लहान, तर क्षेत्राच्या मानानें कड मोठी, आणि चूकहि मोठी. शिवाय हजार तुकडे कापले, तरी ती चूक निवळत नाहीं.

२०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंतहि उत्पन्न ठरविण्यास पीक-कापणीचे प्रयोगच आधाराला घेतले गेले. तेथें कडेचीं ताटें आंत ओढलीं गेलीं, कीं कागदावर पीक वाढतें आणि शेतकऱ्याची भरपाई तेवढी घटते.