रेडिओवर आपलं नाव कधी ऐकू येणार?

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. सवड काढून वाचा.

सुरुवातीला एक प्रश्न. १५ ऑगस्ट १९४७ ला आजच्या महाराष्ट्रात रेडिओ केंद्रं कुठे कुठे होती? बरेच जण मुंबई, पुणे, नागपूर अशी नावं घेतील. पण नागपूरचं केंद्र सुरू झालं १९४८ मध्ये आणि पुण्याचं १९५३ मध्ये. त्या दिवशी मुंबईखेरीज केंद्र होतं ते आपल्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत. ते निजाम सरकारचं होतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या ताब्यात पाच केंद्रं होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदा आणि औरंगाबाद. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आलं आणि १९५० मध्ये आपलं केंद्र ऑल इंडिया रेडिओकडे आलं. पुढे काही वर्षांतच ते बंद पडलं. मग १९६८ मध्ये परभणीला केंद्र झालं, आणि आपल्या शहराला पुन्हा स्वतःचं केंद्र मिळायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

म्हणजे पुण्याच्या आधी आपल्याकडे रेडिओ होता, तो गेला, आणि परत यायला बराच काळ लागला. गेलेली गोष्ट मराठवाड्यात लवकर परत येत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आता मुद्द्यावर येतो. ‘आकाशवाणी आता कोण ऐकतं हो?’ हे वाक्य गावात कुठेही ऐकायला मिळतं. त्यातही ‘तरुण पोरं तर ढुंकून बघत नाहीत’ हे ठरलेलं. कारण विचारलं की सगळे मोबाईलकडे बोट दाखवतात. मोबाईलचा वाटा आहेच. पण मोबाईल नव्हता तेव्हाही सरकारी रेडिओने तरुण श्रोता गमावला होता आणि नंतर परत मिळवलाही होता. तो कसा, हे बघण्यासारखं आहे.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. सिनेमाची गाणी म्हणजे लोकांची अभिरुची बिघडवणारा प्रकार, असं त्यांचं मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना कात्री लागली. चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, ती जाहिरात होते, अशीही अट आली. निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी जवळजवळ गायबच झाली.

झालं काय? पोरांनी रेडिओची सुई फिरवली आणि थेट सिलोन गाठलं. दुसऱ्या महायुद्धात उभारलेला ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर तिथे होताच. १९५२ च्या अखेरीस बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरात पोचला. दर बुधवारी पानटपरीपुढे, हॉटेलपुढे घोळके उभे राहायचे. सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा साठी-सत्तरीतल्या कितीतरी लोकांनी आपल्या तरुणपणावर पोस्ट लिहिल्या, त्या तुम्ही वाचल्या असतील.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गीतमाला फक्त गाण्यांमुळे चालली नाही. श्रोते पत्र टाकायचे, पहिल्याच कार्यक्रमाला हजारोंनी पत्रं आली. आपलं पत्र पोचलं, आपल्या पसंतीचं गाणं वर चढलं, याची पोरांना नशा होती. झुमरी तलैया हे बिहारमधलं, आता झारखंडमधलं, छोटंसं गाव देशाला कशामुळे माहीत झालं? तिथली माणसं फर्माईशीची पत्रं पाठवायची म्हणून. गावाचं नाव रेडिओवर येतं, एवढ्यासाठी लोक पोस्टकार्डावर पैसे घालवत होते.

दिल्लीला हे उमगायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मा यांच्याकडे सूत्रं होती. गाणी परत आली, फर्माईश आली, फौजी भाइयोंसाठी ‘जयमाला’ आली. तरुण परतला. १९६७ पासून विविध भारतीवर जाहिरातीही सुरू झाल्या.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. इंग्लंडमध्ये बीबीसीला पॉप संगीताचं वावडं होतं. १९६४ मध्ये काही जणांनी समुद्रात जहाज उभं करून रेडिओ कॅरोलाईन सुरू केला. बीबीसी सोडून पोरं त्या जहाजाला चिकटली. सरकारने १९६७ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून ही जहाजं बेकायदा ठरवली. पण नुसत्या बंदीने पोरं परत येणार नाहीत, हे बीबीसीला कळलं होतं. ३० सप्टेंबर १९६७ ला तरुणांसाठी वेगळं ‘रेडिओ वन’ सुरू झालं, आणि तिथे निवेदक म्हणून घेतले त्या जहाजांवरचेच अनेक जण. कालपर्यंत ज्यांना चाचे म्हणत होते, त्यांनाच माईक दिला. केसकरांच्या खात्याला सिलोनकडून जे शिकावं लागलं, तेच बीबीसी जहाजांकडून शिकली.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला आणखी जवळचं वाटतं. तिथल्या सरकारी रेडिओचं तरुणांसाठीचं केंद्र म्हणजे ‘ट्रिपल जे’. त्यांनी १९९५ मध्ये ‘अनअर्थ्ड’ नावाचा उपक्रम सुरू केला. मोठ्या शहरांबाहेरच्या, कुणाला माहीत नसलेल्या पोरांनी आपलं गाणं पाठवायचं आणि निवडलेलं गाणं देशभर वाजवायचं. तो उपक्रम आजही चालू आहे. खेड्यातल्या पोराला वाटतं, आपलं गाणं कधी लागेल सांगता येत नाही, रेडिओ चालू ठेवलेला बरा.

आता परत आपल्याकडे येऊ. आकाशवाणीला ही गोष्ट माहीत नव्हती असं अजिबात नाही. २१ जुलै १९६९ ला दिल्लीहून ‘युववाणी’ सुरू झाली. योगायोग असा की आपल्या घड्याळाप्रमाणे माणूस चंद्रावर उतरला तो हाच दिवस. युववाणीची कल्पना साधी होती: तरुणांचा कार्यक्रम तरुणांनीच करायचा. लिहिणारे, बोलणारे, गाणारे सगळे कॉलेजवयीन. पुढे देशभरच्या केंद्रांवर युववाणीचे कार्यक्रम सुरू झाले. कुणी कविता वाचली, कुणी पहिलं भाषण केलं, कुणाला आयुष्यातला पहिला मानधनाचा चेक मिळाला. आज पत्रकारितेत, नाटकात, निवेदनात नाव असलेले कितीतरी लोक आधी आकाशवाणीची स्वरचाचणी देऊन आलेत.

त्याच्याही आधीचा एक प्रयोग तर जगभर अभ्यासला गेला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी रेडिओ शेतकी मंडळं सुरू झाली. पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावं, वीस कार्यक्रम. गावात पंधरा-वीस माणसं एकत्र बसून कार्यक्रम ऐकणार, त्यावर चर्चा करणार, आपले प्रश्न केंद्राला कळवणार आणि केंद्र पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं देणार. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आपली गावं त्यात नव्हती. पण ज्या गावांत ही मंडळं होती, तिथल्या लोकांची माहिती आणि काम करण्याची उमेद दोन्ही वाढल्याचं त्या प्रयोगाच्या अभ्यासात दिसलं. लोक ऐकत होते, कारण त्यांचंही कुणीतरी ऐकत होतं.

गीतमाला, युववाणी, शेतकी मंडळं, ट्रिपल जे. देश वेगळे, काळ वेगळा, पण सूत्र एकच. तरुण माणूस रेडिओकडे येतो गाण्यासाठी, आणि टिकतो तिथे आपलं काहीतरी असतं म्हणून. आपलं नाव, आपलं गाव, आपला प्रश्न, आपला आवाज.

मग बिघडलं कुठे? १९८० च्या दशकात टीव्ही आला, रविवार सकाळ रामायण-महाभारताने खाल्ली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. १९९७ मध्ये प्रसार भारती झाली. २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खासगी एफएम सुरू झालं आणि नंतरच्या लिलावांतून ते आपल्या शहरातही पोचलं. खासगी एफएमवाल्यांनी पोरांशी पोरांच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. आकाशवाणी मात्र बऱ्याचदा कागद वाचल्यासारखं बोलत राहिली.

पण एक गोष्ट खासगी एफएमला आजही करता येत नाही. त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यायच्या तर आकाशवाणीच्याच बातम्या, जशाच्या तशा. म्हणजे मराठवाड्यातलं पाणी, परीक्षा, वसतिगृहं, पीकविमा यांची बातमी रेडिओवर ऐकायची तर आकाशवाणीशिवाय पर्याय नाही. आपल्या केंद्राचं सकाळी सात वाजून दहा मिनिटांचं बातमीपत्र स्पर्धा परीक्षेची पोरं ऐकतात, त्याच्या नोट्स काढतात. अभ्यासिकांमध्ये विचारून बघा. म्हणजे तरुण श्रोता अजिबात नाही, हे खरं नाही. जिथे त्याला उपयोग आहे तिथे तो येतो. तो बातमी ऐकतो आणि निघून जातो, कारण त्यापुढे त्याच्यासाठी काही नसतं.

आपल्या केंद्राचं वजन किती आहे हे २०२३ मध्ये दिसलं होतं. त्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथलं बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. पुण्यात ओरड झाली, नेते दिल्लीशी बोलले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. तेव्हा आपल्याकडे काही जण खूश झाले होते की पुण्याच्या बातम्या आपण देणार. मला मात्र दुसरंच वाटलं. उद्या असाच आदेश आपल्या केंद्राबद्दल निघाला, तर ओरडणार कोण? पुण्याचं केंद्र वाचलं कारण ते आपलं आहे असं म्हणणारे लोक होते. आपल्याकडे चाळिशीच्या आतले असे किती निघतील?

म्हणून हा विषय नुसत्या आठवणींचा नाही. ज्या रेडिओला तरुण आपलं म्हणत नाहीत, तो बंद करताना कुणाला भीती वाटत नाही. आणि आपल्या शहराने एकदा रेडिओ गमावलेला आहे.

वरून प्रयत्न झाले नाहीत असं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आकाशवाणीने ‘एअरनेक्स्ट’ नावाचा कार्यक्रम जाहीर केला. देशभरातली १६७ केंद्रं, ५२ आठवडे, सुमारे वीस हजार तरुण, कॉलेजच्या पोरांना थेट माईकपुढे आणायचं. कल्पना उत्तम, युववाणीचीच नात म्हणा. पण असे उपक्रम एखाद्या निमित्ताने येतात आणि निमित्त संपलं की विरतात. गीतमाला दर बुधवारी यायची, चुकायची नाही, म्हणून लोकांना सवय लागली.

दुसरी अडचण यंत्राची. आकाशवाणी देशातल्या ९९ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचते, असं सरकारी आकडेवारी सांगते. पण लहर पोचणं वेगळं आणि कुणी ऐकणं वेगळं. पोरांकडे रेडिओ सेट नाही, मोबाईल आहे. मोबाईलवर मध्यम लहरी लागत नाहीत, आणि बऱ्याच फोनमध्ये एफएमची सोय बंद करून ठेवलेली असते. ती चालू ठेवा, असं केंद्र सरकारला २०२३ मध्ये कंपन्यांना कळवावं लागलं. ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर देशभरातली केंद्रं थेट ऐकता येतात, पण ते ॲप आहे हेच किती जणांना माहीत आहे? शिवाय थेट प्रसारण निसटलं की गेलं. पोरगी क्लासवरून रात्री नऊला घरी येते, तिला सकाळचा कार्यक्रम तेव्हाच ऐकायचा असतो.

मग करायचं काय? माझ्या मते फार खर्चाचं काही नाही.

एक, रोज एक ठरलेला तास तरुणांसाठी ठेवा. वेळ बदलायची नाही, काही झालं तरी.

दोन, तो तास कॉलेजांना वाटून द्या. देवगिरी, मिलिंद, सरस्वती भुवन, विद्यापीठाचा नाट्यशास्त्र आणि पत्रकारिता विभाग, तसंच वैजापूर, सिल्लोड, पैठण, अंबडची कॉलेजं. या शहरात आवाजांची कमी कधीच नव्हती. ‘जिगीषा’ची मंडळी इथूनच मुंबईला गेली. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात जी पोरं एकांकिका, वासुदेव, भारूड, पोवाडा गाजवतात, त्यांचं ध्वनिमुद्रण वर्षभर लावता येईल. भीमगीतापासून रॅपपर्यंत सगळं चालू द्या.

तीन, पोरांचे प्रश्न घ्या आणि संबंधित अधिकाऱ्याला त्याच आठवड्यात माईकपुढे बसवा. शिष्यवृत्ती का अडकली, एसटीची सकाळची गाडी का बंद झाली, भरतीचा निकाल कुठे अडला. शेतकी मंडळांनी १९५६ मध्ये केलं ते आज व्हॉट्सॲपवर कितीतरी सोपं आहे.

चार, प्रत्येक कार्यक्रमाचा दहा मिनिटांचा तुकडा त्याच दिवशी फोनवर मिळू द्या. पोरगं स्वतःचा आवाज शंभर जणांना पाठवेल. अशी जाहिरात पैसे देऊनही होत नाही.

आणि जबाबदारी फक्त केंद्राची नाही. प्राचार्यांनी केंद्राला पत्र लिहून आपली मुलं द्यायची तयारी दाखवावी. शिक्षकांनी स्वरचाचणीची जाहिरात आली की नोटीस बोर्डावर लावावी. पोरांनो, तुम्ही आधी एकदा ॲपवर आपलं केंद्र लावून बघा. आवडलं नाही तर काय आवडलं नाही ते लिहून पाठवा. केंद्राकडे तक्रारी जायला लागल्या तरी ती चांगली खूण समजा. कुणीतरी ऐकतंय, एवढं तरी त्यांना कळेल.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर मोकळेपणाने सांगा, पण आधी एक आठवडा रेडिओ ऐकून सांगा.