हँडल, किल्ली आणि तांब्याची पट्टी

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेलें प्रकाशा हें गांव खानदेशांत दक्षिण काशी म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील पांढरीच्या टेकाडावर १९५४-५५ सालीं बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें आणि ताम्रपाषाणयुगापासूनचे वस्तीचे थर एकामागून एक उलगडून दाखविले. मी मात्र तेथें इतिहासासाठीं गेलों नव्हतों. वडिलांच्या अस्थी घेऊन, वृद्ध मातोश्रींसह, वडिलांच्याच जुन्या मोटारींतून गेलों होतों. विसर्जन झालें, केदारेश्वराचें दर्शन झालें, आणि भर वैशाखाच्या दुपारीं मोटार सुरू होईना. मातोश्री आंत बसलेल्या. झाडाची सावली दूर. खानदेशचें ऊन कसें असतें तें मी सांगावयास नको.

या गाडीची खोड जुनीच होती. दहा वेळां किल्ली फिरवावी तर सात वेळां ती निमूटपणें सुरू होई, तीन वेळां नुसता 'टक्' असा आवाज करून स्तब्ध राही. सदा बंद पडणारें यंत्र दुरुस्त करणें सोपें. मधूनच बंद पडणारें यंत्र मिस्त्रीच्या दारांत नेलें कीं हटकून शहाण्यासारखें वागतें. त्यामुळें आमच्या गाडीची बॅटरी बदलून झाली होती, सेल्फ उघडून साफ झाला होता, कॉइलही नवी आली होती. खर्च झाला, खोड गेली नाहीं.

आतां थोडें मागें जाऊं. प्रारंभींच्या मोटारींना किल्ली नव्हती, हँडल होतें. चालकानें पुढें उभें राहून तें फिरवावयाचें. ठिणगी अवेळीं पडली तर एंजिन उलट झटका देई आणि हँडल मनगटावर आदळे. हात मोडलेल्या चालकांची तेव्हां वाण नव्हती. १९०८ सालीं अमेरिकेंत बायरन कार्टर हा मोटार-कारखानदार निवर्तला. एका बाईची बंद पडलेली गाडी सुरू करून देतांना हँडलाचा तडाखा बसून तो दगावला, आणि त्याचा स्नेही, कॅडिलॅकचा हेन्री लेलँड, त्या दुःखानें हँडलावर उपाय शोधूं लागला, अशी कथा सांगतात. कथेंतील बारकावे कसेही असोत, उपाय चार्ल्स केटरिंगनें काढला हें खरें. हा गृहस्थ पूर्वीं दुकानांतील रोकड मोजणाऱ्या यंत्रास विजेची मोटर बसवीत असे. तेथेंच त्यास एक मर्म कळलें होतें: जी मोटर केवळ कांहीं क्षण चालावयाची, ती लहान असली तरी तिच्याकडून क्षणभर मोठें काम घेतां येतें. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांस हा विजेचा सेल्फ लागला.

पुढची पायरी कमी प्रसिद्ध आहे, पण आमच्या कथेचें मूळ तींत आहे. मोटारींत विजेला जाण्यासाठीं तार असते. परत येण्यासाठीं मात्र गाडीचें लोखंडी अंगच वाट म्हणून वापरतात. एंजिन चौकटीवर घट्ट बोल्ट केलेलें असे तोंवर हें ठीक होतें. १९३१ सालीं प्लिमथ गाडींत एंजिन रबरी गाद्यांवर बसविण्याची नवी रीत आली आणि हादरे कमी झाले. परंतु रबर म्हणजे विजेला बांध! म्हणून अशा गाड्यांत एंजिन आणि चौकट यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी अवश्य ठरली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून ज्या अमेरिकन मोटारी जुळून बाहेर पडूं लागल्या, त्यांत प्लिमथही होती. त्याच कंपनीची पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धांवली.

घाटावर परत येतों. शेजारीं ट्रॅक्टर घेऊन आलेल्या एका शेतकऱ्यानें माझी धडपड पाहिली आणि विचारलें, "दिवे लावून सेल्फ मारला का?" मी मारला. दिवे तेजस्वी राहिले, सेल्फनें 'टक्' केलें. दिवे विझते तर बॅटरी किंवा तिचीं टोकें संशयास्पद. ते तसेच राहिले म्हणजे बॅटरीपासून दिव्यांपर्यंतची वाट निर्दोष आणि दोष त्यापुढें, सेल्फ, त्याचा स्विच किंवा एंजिनाची परतीची वाट यांत. मग त्यानें बॉनेटखालीं हात घालून चोकच्या तारेला स्पर्श केला आणि चट्‌कन मागें घेतला. तार तापली होती. चोकची तार ही विजेची नव्हेच! परंतु पट्टीची वाट अडली कीं प्रवाह मिळेल त्या लोखंडांतून परततो, आणि बारीक तार त्या भारानें तापते.

हिशेब साधा आहे. सेल्फ दीडशे अँपियर ओढीत असला आणि गंजलेल्या जोडांत ०.०२ ओहमचा विरोध असला, तर बारांपैकीं तीन व्होल्ट त्या जोडांतच खर्च होतात. दिव्याच्या लहानशा प्रवाहाला तोच जोड जाणवतही नाहीं. थंडपणीं पट्टीचे धागे कसेबसे टेकत. उष्णतेनें आणि हादऱ्यानें सुटत. आमच्या तीन मिस्त्रींनीं एका वेळीं अनेक भाग बदलले, आणि तेही गाडी नीट चालत असतांना. थापरांनीं सर्व थर एकदम खणले असते तर त्यांच्या हातीं खापरांचा ढीगच आला असता.

शेतकऱ्यानें ट्रॅक्टरमधील जंपरची जाड तार काढली. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरें एंजिनाच्या उघड्या लोखंडाला. किल्ली फिरवितांच एंजिन पहिल्याच फेऱ्यांत धडधडलें. पट्टी सोडून पाहिली तर आंतून हिरवी, भुगा झालेली. मातोश्रींनीं पदरानें घाम पुसला आणि त्याच्या गांवचें नांव विचारलें. पैसे घेण्यास त्यानें नकार दिला. तार मात्र घरीं पोंचेपर्यंत ठेवा म्हणाला.

नवी पट्टी लगेच मिळाली. जंपरची तार परत करण्यास मी पुढील महिन्यांत पुन्हा गेलों, तेव्हां संगमावर पावसाचें गढूळ पाणी आलें होतें. घाटावर गाडी तीनदां बंद केली, तीनदां सुरू केली.