दोन मैलांची थाप

परवा कोथळीगडाचे व्हिडिओ शोधत बसलो होतो. आमच्या कर्जत तालुक्यातला साधा किल्ला, पण समोर आलं काय? भूत, खजिना आणि लाल बाण! आधी चिडलो. मग दादासाहेब फाळके आठवले.

१९१३ साली सुरतेत 'राजा हरिश्चंद्र'ला पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमले, असं सांगतात. मग दादासाहेबांनी जाहिरात केली: ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यांत! गर्दी लोटली.

मास्तरकीची खोड, हिशेब मांडला. फिल्म होती सुमारे ३,७०० फूट, फुटाला १६ चित्रं. म्हणजे ५७,००० खरीच. दोन मैल मात्र थाप, पाऊण मैलसुद्धा भरत नाही!

आमिष तेव्हाही होतंच. पण आत हरिश्चंद्र नसता, तर प्रेक्षकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगितलं असतं?

यूट्यूबनेही २०१२ पासून नुसत्या क्लिकपेक्षा किती वेळ पाहिलं त्याला वजन दिलं. तरी भूत काही हटलं नाही. सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना शांतपणे दाखवणारा व्हिडिओ शेवटी मला खालापूरच्या मेहुण्यांनी पाठवला. नाव नुसतं 'कोथळीगड'.

लगेच चौघांना पुढे धाडला. तेवढं तर आपल्या हातात आहे...