पोच

शाळेच्या शिपाईमामांच्या काखेत पुठ्ठ्याच्या बांधणीची एक लांबट वही असायची. सूचनावही. तास चालू असताना ते दारात उभे राहिले की आम्ही खडू खाली ठेवत असू. मुख्याध्यापकांच्या अक्षरात चार ओळी, खाली त्यांची सही आणि त्याखाली आम्हा शिक्षकांची नावं. वाचायचं, नावापुढे सही करायची, वही परत द्यायची. कुणाची सही राहिली तर मामा त्याला प्रयोगशाळेत, मैदानावर, जिथे असेल तिथे गाठायचे. पहिल्या तासाला निघालेली सूचना मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना पोचलेली असे आणि ती पोचल्याचा पुरावा वहीत राही.

आता ते काम मोबाइलवरचा ग्रुप करतो. गेल्या वर्षी रात्री १० वाजून ४० मिनिटांनी ग्रुपवर निरोप पडला, उद्याची चाचणी ९ ऐवजी ८ वाजता. पाठोपाठ एका बाईंच्या वाढदिवसाचे केक, फुलं आणि जोडलेले हात सुरू झाले. आमचे एक सर लवकर झोपतात. सकाळी त्यांनी फोन पाहिला तेव्हा चाचणीचा निरोप शुभेच्छांच्या ढिगात गेला होता. ते रोजच्या वेळी आले. त्यांच्या वर्गातली मुलं तासभर पेपरची वाट पाहत बसून राहिली आणि सरांना बोलणी खावी लागली. मला ते फार लागलं. सरांची चूक नव्हतीच. कोणता निरोप कुठून धाडायचा हे आमच्यापैकी कुणीच कधी शिकलं नव्हतं. म्हणून निरोपाच्या साधनांचा माग काढायला बसलो.

कामाचा निरोप लिहिण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या पत्रात मजकूर संपला की एक लहान मुद्रा उमटवलेली दिसते, ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे पत्राची मर्यादा इथे झाली, यापुढे कुणी काही वाढवू नये. चिटणिसांच्या हाताखाली लिहायला शिकणारा मुलगा अक्षराबरोबर हेही शिकत असणार की कुणाला कसा मायना लिहायचा आणि कुठे थांबायचं. पत्र लिहिता येणं म्हणजे पत्राची हद्द कळणं.

१८०६ साली इंग्लंडमध्ये राल्फ वेजवूडने कार्बन कागदाचं पेटंट घेतलं. पुढे टंकलेखन यंत्र आलं आणि एका पत्राच्या तीन-चार प्रती एका दमात निघू लागल्या. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ ही ओळ लिहायची आणि खाली नावं द्यायची. ईमेलमध्ये सीसी म्हणतात ती हीच कार्बन कॉपी. फरक एवढाच की कार्बनची पाचवी-सहावी प्रत इतकी पुसट निघे की टंकलेखक आपणहून विचारायचा, ‘साहेब, एवढ्या जणांना खरंच हवी का?’ ईमेलची पन्नासावी प्रतही पहिलीइतकीच ठळक असते, त्यामुळे तो प्रश्न विचारायला कुणी उरलं नाही. तारेलाही असाच स्वतःचा लगाम होता. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसं मजकूर कमी शब्दांत बसवायला शिकली. १४ जुलै २०१३ रोजी भारतात तारसेवेचा शेवटचा दिवस झाला.

कामासाठी अनेकांनी एकाच वेळी एकमेकांना लिहिण्याची गोष्ट मात्र मला वाटत होती त्याहून बरीच जुनी निघाली. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी पगार आणि किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या. अंमलबजावणी पाहणाऱ्या आपत्कालीन कार्यालयाला देशभरातल्या विभागीय कार्यालयांशी सतत बोलायची गरज पडली. तिथल्या मरी टुरॉफ यांनी ‘एमिसारी’ नावाची प्रणाली बांधली. टेलिफोनच्या तारेला जोडलेल्या टंकयंत्रावर अधिकारी मजकूर टाइप करत, तो संगणकात साठे आणि बाकीच्यांच्या यंत्रावर उमटे. तिच्यातल्या ‘पार्टी लाइन’ या सोयीत संभाषणात कोण हजर आहे ते दिसे आणि कुणी आलं-गेलं की सूचना मिळे. आजच्या ऑफिस ग्रुपची जन्मखूण मला इथे दिसते. एमिसारीवरचा तो ग्रुप एका कामासाठी निघाला होता, त्यात कोण असावं हे कामावरून ठरत होतं आणि बोललेलं सगळं नोंदलं जात होतं. गप्पांची सोय म्हणून तो जन्मलाच नव्हता.

त्याच वर्षी रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ईमेल धाडली आणि माणसाचं नाव व यंत्राचं नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह घातलं. १९८८ मध्ये फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची व्यवस्था लिहिली. तिच्यात प्रत्येक विषयाची वेगळी खोली असे आणि खोलीच्या नावाआधी # लागे. विषय बदलला की खोली बदलायची. इतकी साधी आणि इतकी उपयोगी रीत क्वचित सापडते.

ही रीत स्लॅक या ऑफिसातल्या संवादाच्या साधनात उतरली ती एका फसलेल्या खेळातून. स्टुअर्ट बटरफील्ड यांची टायनी स्पेक ही कंपनी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती. माणसं वेगवेगळ्या शहरांत बसलेली, म्हणून ती आपसात आयआरसीवर बोलत आणि अडेल तिथे त्याला एकेक जोड देत. २०१२ च्या अखेरीस खेळ बंद पडला. मागे उरलेलं हे आपसातलं साधनच २०१३ मध्ये लोकांपुढे आलं. त्याच्या इंग्रजी नावाची फोड बटरफील्ड यांनी पुढे सांगितली, तिचा अर्थ सगळ्या संभाषणाची आणि ज्ञानाची शोधता येणारी नोंद. मला ते वाचून आमची सूचनावही आठवली.

पण आपल्या शाळांत, तलाठी कार्यालयांत, बँकेच्या शाखांत स्लॅक आलं नाही. तिथे व्हॉट्सॲप आलं, तेही घरातून. २००९ मध्ये ते निघालं, २०११ मध्ये त्यात ग्रुप आले. मामेभावांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मग ऑफिसचा ग्रुप, सगळे एकाच खिशात आणि एकाच आवाजात वाजणारे. घरातल्या सवयी तशाच कचेरीत शिरल्या. सुप्रभात आली, फॉरवर्ड आले आणि त्यांच्यामध्येच कुठेतरी ‘माहिती तात्काळ सादर करावी’ असा आदेश. नोव्हेंबर २०१४ मध्ये निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या आणि सूचनावहीतली सही आता न विचारताच होऊ लागली.

त्या खुणेला वजन आहे. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर धाडलेली नोटीस बजावली गेल्याचं मान्य केलं, कारण ती पोचली होती आणि निळ्या खुणांवरून उघडलेलीही दिसत होती. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ ग्रुपचा ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम काढले, त्यात वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितलं आहे. कामाची वेळ संपल्यावर निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. तसं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं.

कायदा येईल तेव्हा येवो. चाचणीच्या त्या सकाळनंतर आम्ही स्टाफरूममध्ये बसलो आणि अर्ध्या कागदावर ठरवलं. ‘सूचना’ नावाचा एक ग्रुप, त्यात फक्त मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक लिहितील, तशी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे. वाढदिवस, सहल आणि डबा यांचा ग्रुप वेगळा. वेळापत्रक आणि गुणतक्ते ईमेलने, म्हणजे मार्चमध्ये शोधले तर सापडतील. एकाच माणसाची चूक दाखवायची असेल तर ग्रुपवर अक्षरही नाही, समोर बसून बोलायचं. संध्याकाळी ७ नंतर दुसऱ्या दिवशीचा बदल सांगायचा तर फोन करायचा, प्रत्येकाला. हा शेवटचा नियम ऐकून पर्यवेक्षक म्हणाले, ‘२२ जणांना फोन करत बसू का?’ मग स्वतःच म्हणाले, ‘बरं, मग बदल दुपारीच ठरवत जाऊ.’ एका मिनिटात माझ्या डोळ्यांदेखत लगाम परत आला.

मराठीत निरोप मिळाल्याच्या पावतीला पोच म्हणतात, आणि कुठे काय बोलावं याच्या जाणिवेलाही पोचच. पहिली फोन देतो, दुसरी माणसांनी एकत्र बसूनच शिकायची असते. मुख्याध्यापकांना आणि कार्यालयप्रमुखांना माझी विनंती आहे. जूनमध्ये पहिली सभा घ्याल तेव्हा कामांच्या वाटपाआधी हा अर्धा कागद टेबलावर ठेवा, आणि तो लिहिताना शिपाईमामांनाही बोलवा.