ताणतणाव आणि निद्रानाश : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
निद्रानाश ही आधुनिक जीवनाची देणगी आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु मनावरील ताण झोप हिरावून घेतो, ही जाणीव फार प्राचीन आहे. निद्रानाशाचे कारण वेगवेगळ्या काळांत कोठे शोधले गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्राचीन विचार :
चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात अतिनिद्रेवरील उपायांत विरेचन, उपवास यांच्याबरोबर भय, चिंता व क्रोध यांचाही उल्लेख येतो. हेच उपाय निद्रानाशाची कारणे होत, असे सांगून त्यांत कार्य, काळ, विकार, प्रकृती व वायू यांची भर घातली आहे. उपचारांत अभ्यंग, स्नान व दूध यांच्या जोडीला मनाला रुचणारे गंध व शब्द आहेत. शरीर व मन यांचा विचार येथे एकत्रितपणे झाला आहे.

औद्योगिक युग :
अमेरिकन वैद्य जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये 'न्यूरास्थेनिया' ही संकल्पना मांडली. निद्रानाश हे तिचे एक लक्षण होते. १८८१ च्या ग्रंथात त्यांनी वाफेची शक्ती, तारायंत्र व नियतकालिके यांना जबाबदार धरले. कारण समाजात शोधले गेले खरे; मात्र त्यांचा भर बौद्धिक काम करणाऱ्या वर्गावर होता. श्रमिकांची झोप या चर्चेत दुर्लक्षितच राहिली.

विसावे शतक :
१९०३ मध्ये एमिल फिशर व योझेफ फोन मेरिंग यांनी बार्बिटल हे झोपेचे औषध पुढे आणले. झोप गोळीने मिळू लागताच कारणाचा शोध मागे पडला. या वर्गातील औषधांची सवय व अतिमात्रेने होणारे मृत्यू ही नवी समस्या उभी राहिली. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी निरनिराळ्या आघातांना शरीर एकाच ठरावीक पद्धतीने प्रतिसाद देते, असे प्रतिपादन केले. ताणामुळे स्रवणारी संप्रेरके शरीराला जागृत ठेवतात, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन व सहकाऱ्यांनी पूर्वप्रवृत्ती, तात्कालिक कारण व टिकवून धरणारे घटक असे तीन भाग केले. ताण ओसरला तरी झोपेची धास्ती व बिघडलेल्या सवयी निद्रानाश टिकवून धरतात, हे त्यातून उमगले.

निष्कर्ष :
२०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने दीर्घकालीन निद्रानाशावर औषधांपूर्वी बोधात्मक वर्तनोपचाराची शिफारस केली. उपचाराचा रोख पुन्हा मनाकडे वळला, हे स्वागतार्ह आहे. तथापि, चरकसंहितेने नोंदविलेले 'कार्य' हे कारण केवळ रुग्णाच्या सवयी बदलून दूर होत नाही. रात्रपाळी व कामाचा भार यांचा विचार झाल्याशिवाय हा इतिहास अपुराच राहील.