पाणी एकरी की माणशी?

१९७२चा दुष्काळ म्हटला की घरातल्या थोरल्या बायांना दुष्काळी कामावरची खडी आणि सुकडी आठवते. खडी फोडायला, माती वाहायला बाया पुरुषांच्या बरोबरीने होत्या. पण अडवलेलं पाणी ज्याची जमीन त्याच्याच शेतात जायचं. घट्टे पडलेल्या कितीतरी हातांच्या नावावर गुंठाभरही रान नव्हतं.

त्याच दुष्काळात पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात आले. नायगावला देवस्थानची पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवलं. त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाणी घरातल्या माणसांवर मोजायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतकं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकायचा नाही.

आम्हाला यातली मोजणी मोलाची वाटते. नुसता सातबारा पाहिला असता तर सून, म्हातारी सासू, दोन लेकी बहुतेक घरांत दिसल्याच नसत्या. माणसं मोजली, म्हणून त्याही मोजल्या गेल्या. तरी वाटा कुटुंबाचा राहिला, एकेकीच्या नावाचा झाला नाही. तेवढं काम आपल्यासाठी उरलं आहे.

गावात पाणलोटाची बैठक भरली की बंधारा कुठे बांधायचा याची चर्चा होईलच. आपण त्याआधी उठून विचारू या: पाण्याची वाटणी कशावर, जमिनीवर की माणसांवर?