तळटीप १७ : मुक्की

१७. मुक्की : नुसत्या मुठींनी लढण्याचा बनारसी मुष्टियुद्धाचा प्रकार. ब्रह्मा घाटाला लागून असलेला दुर्गा घाट यासाठी विशेष प्रसिद्ध होता व कार्तिक महिन्यात तेथे मुक्कीचे सामने भरत; हे दोन्ही घाट १८व्या शतकात पेशव्यांशी निकटचा संबंध असलेल्या नारायण दीक्षित पाटणकर यांच्याशी निगडित असून भोवतीची वस्ती मुख्यतः मराठी आहे. लढत दोघांत होई तशी गटागटांतही होई, आणि वाढत्या दुखापतींमुळे ब्रिटिश अमदानीत तिच्यावर बंदी आली. मूळ लेखकाने मुक्कीची गणना ‘सामूहिक हिंसे’त केली आहे, ती मात्र सैल अर्थाने घ्यावी. ‘द रूट्स ऑफ ईव्हिल’ (१९८९) या ग्रंथात मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टॉब यांनी या संज्ञेखाली जी प्रक्रिया मांडली आहे, तीत लक्ष्य केलेला गट हळूहळू माणुसकीच्या कक्षेबाहेर ढकलला जातो, प्रत्येक लहान अत्याचार पुढच्या मोठ्या अत्याचाराची वाट सोपी करतो आणि बघ्यांच्या मौनाने कर्त्यांना बळ मिळते. मुक्कीतला प्रतिस्पर्धी सहसा शेजारच्या गल्लीतला, ओळखीचाच गडी असे, व त्याच्याशी दुसऱ्या दिवशीही व्यवहार असे. बघ्यांविषयीचा स्टॉब यांचा मुद्दा तेवढा इथेही लागू पडावा.